रात्रीचे आकडे

दंडाला चोवीस तास पट्टा बांधून केलेल्या तपासणीचा अहवाल आज हाती आला आणि त्यातील दिवसाच्या आकड्यांनी मला मुळीच विचलित केले नाही. जाग येण्याच्या सुमारास रक्तदाब झपाट्याने चढतो, दुपारच्या जेवणानंतर थोडा उतरतो, सायंकाळकडे पुन्हा वाढतो, हे बहुतेकांच्या बाबतीत घडते. पहाटेच्या त्या चढामुळे अण्णांची आठवण झाली, पण तो विषय आज नको.

खटकली ती रात्र. निरोगी माणसाचा रक्तदाब झोपेत दिवसाच्या तुलनेत साधारण १० ते २० टक्क्यांनी खाली येतो. माझी दिवसाची सरासरी १३२/८२ आणि रात्रीची १२७/७८, म्हणजे घट पाच टक्केसुद्धा नाही. दिवसाची मर्यादा १३५/८५ धरतात, त्यामुळे दवाखान्यात मी नेहमी निर्दोष ठरत आलो. रात्रीची मर्यादा मात्र १२०/७० आहे, आणि तिथे माझी लबाडी उघडी पडली. लबाडी तरी कसे म्हणावे? मी तर झोपलो होतो.

हेच मनातून जात नाही. दिवसभर सर्वांचे ऐकून घ्यावे, आणि रात्री निदान आपल्याच रक्तवाहिन्यांनी सैल व्हावे, एवढीही अपेक्षा माणसाने ठेवू नये काय? पट्टा रात्री दर अर्ध्या तासाने आवळला जाई. त्याने झोपमोड होऊनही आकडे वाढू शकतात, असा बचाव मी डॉक्टरांपुढे मांडला. त्यांनी तो शांतपणे ऐकला आणि विचारले, "घोरता का?"

मी तोंड उघडण्यापूर्वीच सुमाने उत्तर दिले, आणि ते एका वाक्याचे नव्हते. झोपेत श्वास वारंवार अडत असेल, तर प्रत्येक वेळी रक्तातील प्राणवायू घटतो, मज्जासंस्था खडबडून जागी होते आणि रक्तदाब उतरतच नाही, असे डॉक्टरांनी समजावले. ज्या गाढ झोपेचा मी आजवर तोरा मिरवला, तिच्याविरुद्ध साक्षीदार इतकी वर्षे शेजारीच होता तर!

आता झोपेची तपासणी व्हायची आहे. त्या रात्री माझ्या नाकाशी नळी, बोटाला चिमटा आणि छातीला पट्टा असेल, आणि सुमा दुसऱ्या खोलीत निजेल. उपचाराचा गुण आपल्याला आधीच येऊ लागला आहे, असे तिचे म्हणणे आहे.