पुण्याची सहल, फिरते घर आणि दोन कुत्री

सांगली, रविवार, ११ जानेवारी

प्रजासत्ताक दिनाला जोडून आलेल्या सुट्टीत पुण्याला जायचे, राहण्याची सोय असलेली व्हॅन भाड्याने घ्यायची आणि राणी व बंड्या या दोघांनाही बरोबर न्यायचे, एवढे काल रात्री जेवताना एकदाचे पक्के झाले. पुणे आपल्यापासून सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर, म्हणजे पहाटे निघून कामे उरकून रात्री घरी परतणारी माणसे आमच्या विश्रामबागेत गल्लोगल्ली सापडतील. तेवढ्यासाठी चाकांवरचे घर कशाला, हा सासूबाईंचा प्रश्न रास्तच आहे. त्याचे उत्तर मात्र अंगणात झोपलेल्या दोघांकडे आहे. कुत्री चालतील असे सांगणारी हॉटेले प्रत्यक्षात विचारले की लहान जातीची कुत्री असे म्हणतात. रेल्वेने न्यायचे तर वातानुकूलित प्रथम वर्गातला अख्खा कूपे आपल्या नावावर घ्यावा लागतो, नाही तर प्राण्याला गार्डच्या डब्यातल्या पेटीत बसवावे लागते, आणि बंड्याच्या वयात ते मला मान्य नाही. परक्याकडे ठेवले की तो अन्नाला तोंड लावत नाही, हेही अनुभवाने ठाऊक आहे.

व्हॅन मिळवणे वाटले त्यापेक्षा अवघड निघाले. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, तेव्हापासून अशा गाड्यांचे नाव कानावर येते. पण कुत्र्यांचा विषय काढला की समोरचा आवाज बदलतो. एका ठिकाणी तर ‘केस कोण काढणार?’ एवढे विचारून फोन ठेवण्यात आला. अखेर ज्यांनी होकार दिला त्यांनी सफाईपोटी वेगळी अनामत मागितली, आणि राणीचे पांढरे केस आमच्या सोफ्यातून आजवर कोणालाही पूर्णपणे काढता आलेले नसल्यामुळे मी घासाघीस केली नाही. गाडी चालकासह येणार आहे. सहा माणसांच्या बसण्याची आणि चौघांच्या झोपण्याची तीत सोय आहे. चालकाने रात्री कोठे झोपायचे हे भाडे ठरवताना कोणीच काढत नाही. मी ते आधी विचारले आणि मुक्कामाच्या ठिकाणी त्यांच्यासाठी स्वतंत्र खोली धरली, कारण परतीच्या दिवशी खंबाटकी घाट चढायचा आहे आणि तो नीट झोपलेल्या माणसाने चढावा हे उत्तम.

आज सकाळी सदाशिव पेठेत राहणाऱ्या मावशींना, म्हणजे सासूबाईंच्या धाकट्या बहिणीला, फोन केला. त्यांना आनंद झाला. कुत्री बरोबर आहेत हे कळल्यावर त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, “अगं, एवढं घर घेऊन येताय, तर कुत्री गाडीतच ठेवा की. एसी लावून ठेवायचा. आपण निवांत जेवू.”

हा सल्ला आणखी दोघा-तिघांनी दिला आहे, आणि ऐकायला तो इतका सोयीचा आहे की दुपारी मी वही काढून हिशेब मांडला. व्हॅनच्या मालकांनी सांगितल्याप्रमाणे आतली बॅटरी १२ व्होल्टची आणि २०० अँपिअर-तासांची आहे. गुणाकार केला तर २,४०० वॅट-तास, म्हणजे विजेच्या बिलाच्या भाषेत २.४ युनिट होतात. बॅटरी शिसे-आम्लाची असल्यामुळे ती निम्म्याहून अधिक उतरवली तर तिचे आयुष्य घटते. म्हणजे हाताशी राहतात सव्वा युनिटच्या आसपास. एक टनाचा वातानुकूलक ताशी साधारण एक युनिट खातो. इन्व्हर्टरमध्ये जाणारी तूट आणि फ्रिजचा वाटा धरला तर इंजिन बंद असताना तासाभराच्या पुढे त्या थंडाव्याचा भरवसा धरता येत नाही. सदाशिव पेठेतले जेवण तासाभरात आटोपत नाही, हे मावशींनाही कबूल करावे लागेल.

शिवाय यंत्र बंद पडले तर आत किती लवकर काय होईल, हेही पाहायला हवे. बाहेर चोवीस अंश सेल्सिअस इतकी सुखद हवा असली तरी उन्हात उभ्या असलेल्या बंद मोटारीच्या आत दहा मिनिटांत पारा चौतीसच्या घरात जातो, आणि पुण्यात जानेवारीच्या दुपारीदेखील तीस अंश होतात. व्हॅन आकाराने मोठी म्हणून थोडी सावकाश तापेल इतकेच. कुत्र्याच्या अंगाचे तापमान मुळातच १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. त्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकत तो तोंडातला ओलावा हवेत सोडतो आणि तेवढीच काय ती उष्णता बाहेर जाते. बंद जागेत त्याच्याच श्वासाने हवा दमट झाली की हा उपायही लागू पडेनासा होतो. १०४ च्या पुढे गेले की प्रकरण पशुवैद्याकडे न्यावे लागते. तेव्हा कुत्री गाडीतच ठेवा हा सल्ला आदराने बाजूला ठेवायचा आणि दोघांपाशी कोणी ना कोणी माणूस सतत असायचा, असे मी ठरवले आहे. पुढचे सगळे बेत या एका गोष्टीवरून उलगडत गेले.

पहिला परिणाम असा की आम्ही चौघे एकत्र पुणे पाहणार नाही. एका दिवशी सासूबाई आणि मी तळ्यातल्या गणपतीला आणि तिथून मावशींकडे जाऊ. त्या वेळी हे आणि कन्या कुत्र्यांपाशी राहतील. दुसऱ्या दिवशी बापलेक राजा दिनकर केळकर संग्रहालय आणि अप्पा बळवंत चौकातली पुस्तकांची दुकाने करतील. कन्येला सगळ्यांनी मिळून शनिवारवाडा पाहायचा होता. तो आणि आगाखान पॅलेस ही दोन्ही केंद्रीय पुरातत्त्व खात्याची संरक्षित स्मारके आहेत आणि तिथे प्राणी आत नेण्यास नियमाने मनाई आहे. कात्रजच्या प्राणिसंग्रहालयाचाही प्रश्न उद्भवत नाही. “मग कुत्र्यांना पुण्यात दाखवायचं काय?” असे तिने विचारले, ते काही चुकीचे नाही. कुत्र्यांना वाडे नकोत, त्यांना वास घ्यायला नवी जमीन हवी. ती वेताळ टेकडीवर भरपूर आहे. एका सकाळी पहाटेच मुक्कामाहून व्हॅन काढायची, उजाडता उजाडता टेकडीच्या पायथ्याशी पोहोचायचे आणि रस्ते भरण्याआधी परत फिरायचे, असा बेत आहे.

यातून दुसरी गोष्ट आपसूक ठरली. ही व्हॅन शहरात फिरण्याचे वाहन म्हणून वापरायची नाही. साडेनऊ फूट उंचीची गाडी पुण्यातल्या कोणत्याही इमारतीच्या तळघरात शिरणार नाही, आणि पेठांमध्ये वडाच्या पारंब्या, केबलच्या तारा व आडव्या बांधलेल्या फलकांच्या दोऱ्या यांचे मोजमाप घेत हिंडण्याची हौस मला नाही. म्हणून पानशेत रस्त्यावरच्या एका कृषी पर्यटन केंद्रात मुक्काम ठरवला आहे. आवाराला चोहोबाजूंनी भिंत आहे, पंधरा अँपिअरचा विजेचा पॉइंट आहे, टाकी भरायला पाणी आहे, आणि मुख्य म्हणजे व्हॅनमधल्या शौचालयाची पेटी तिथल्या सेप्टिक टाकीत रिकामी करायला मालक तयार आहेत. जाहिरातींत खिडकीतून दिसणारा डोंगर असतो; ही पेटी कोठे रिकामी करायची, हे कोणी छापत नाही. शहरात जायला टॅक्सी करू. गाडी एका जागी ठेवायची आणि आपण हिंडायचे हे कळल्यावर ह्यांनी ‘मग भाडे कशाचे देतोय?’ असे विचारून पाहिले. भाडे बिछान्याचे, स्वयंपाकाच्या ओट्याचे आणि कुत्र्यांना आपल्या पायांशी झोपता येते त्याचे आहे.

रस्त्याचे फारसे लिहिण्यासारखे नाही. पेठ नाक्याला महामार्ग धरायचा, तासवडे, आनेवाडी आणि खेड शिवापूर असे तीन टोल, आणि दर दोन तासांनी थांबा. पहिला थांबा अतीत गावाच्या आसपास घेऊ, पण ढाब्यावर नाही, कारण ढाब्याभोवतीच्या गवतात कोंबडीची शिजलेली हाडे पडलेली असतात आणि ती चावताना फुटून त्यांचे टोकदार तुकडे आतड्यात रुततात. सुट्टीच्या गर्दीमुळे शुक्रवारी पहाटे चारला निघू. चालकांशी मी एकच गोष्ट आवर्जून बोलले आहे: नवीन कात्रज बोगदा ओलांडल्यावर नवले पुलापर्यंत जो लांब उतार लागतो, तिथे गाडी खालच्या गिअरमध्येच हवी. त्या उतारावर अवजड गाड्यांचे ब्रेक निकामी होऊन झालेले अपघात वर्तमानपत्रात वारंवार वाचले आहेत. गाडी चालू असताना माणसे पट्टा लावून आसनावरच बसतील आणि कुत्रीही मागच्या बिछान्यावर मोकळी असणार नाहीत. छातीपट्टा घालून, तो आसनाच्या पट्ट्यात अडकवून त्यांना खाली बसवायचे. राणीला प्रवासात लाळ सुटते, त्यामुळे तिचे जेवण आदल्या रात्री लवकर उरकायचे आणि पहाटे फक्त पाणी द्यायचे.

राणी मुधोळ जातीची. जतकडच्या एका मेंढपाळ कुटुंबाकडून ती आमच्याकडे आली, आणि पळणारे काहीही दिसले की तिचा कान बंद होतो. वेताळ टेकडीवर मोर आहेत. या जातीचे डोके इतके निमुळते असते की साधा गळपट्टा मागे रेटला की सहज निघून येतो. म्हणून गळ्याला आणि छातीला असे दोन वेगळे पट्टे आणि दोन दोऱ्या, हा नियम आहे. अंगावर केस आखूड आणि चरबी नावालाही नाही, त्यामुळे धरणाकाठच्या थंडीत तिच्या अंगावर घालायला सासूबाईंनी जुन्या लुगड्याची गोधडी काढून ठेवली आहे. त्यांचा सहलीला तात्त्विक विरोध आहे, पण गोधडीला टाके घालणे त्यांनीच कालपासून चालू केले.

बंड्याची अडचण निराळी आहे. तो गावठी, वयस्कर, मागचे पाय दुखतात, आणि व्हॅनची पायरी त्याच्या खांद्याइतकी उंच आहे. ह्यांनी माळ्यावरची सागवानी फळी उतरवली आणि तिच्यावर काथ्याचे पायपुसणे खिळ्यांनी ठोकून त्याच्यासाठी उतरण तयार केली. पहिल्या प्रयत्नात फळी फार उभी होती. बंड्याने तिचा वास घेतला, एक पाय ठेवला, काढून घेतला आणि ह्यांच्याकडे असे पाहिले की त्यांनी काही न बोलता करवत खाली ठेवून दुसरी, लांब फळी शोधायला घेतली. आता तो बिस्किटाच्या आमिषाने चढतो, मात्र उतरताना मध्येच थांबतो. व्हॅन आदल्या संध्याकाळीच दारात मागवली आहे, म्हणजे दोघांना तिच्यात बसून, हुंगून, एखादी झोप काढून घेता येईल.

सर्वांत जास्त लक्ष मात्र खाऊच्या पिशवीवर ठेवावे लागणार आहे, कारण सांगलीहून पुण्याला कोणी रिकाम्या हाताने जात नाही. मावशींसाठी बेदाण्याचे खोके आहे, भडंग आहे, हळद आहे. द्राक्षे आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक ठरतात. एखाद्याला मूठभराने काही होत नाही आणि दुसरा थोडक्यावरच आजारी पडतो, त्यामुळे सुरक्षित प्रमाण असे काही धरताच येत नाही. भडंगातला लसूण, आणि त्यावर टाकायचा कांदाही, त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. म्हणजे आपल्या गावाची मानाची भेट त्या गाडीत विषासारखी जपायची आहे. बेदाण्याचे खोके पत्र्याच्या डब्यात, डबा वरच्या कप्प्यात आणि कप्प्याची किल्ली माझ्याकडे. प्रवासात येता-जाता भडंग खायचे नाही, असे कन्येला सांगितले तेव्हा तिने आजीकडे पाहिले. आजीने छताकडे पाहिले.

मावशींना संध्याकाळी पुन्हा फोन केला. आम्ही दोघीच येऊ हे त्यांना फारसे पटले नाही, पण त्यावर त्यांनीच तोड काढली: रविवारी त्या टॅक्सीने आमच्या मुक्कामी येतील आणि पिठले-भाकरी व्हॅनमध्येच होईल. कुत्री बांधलेली असतील ना, हे त्यांनी फोन ठेवेपर्यंत तीनदा विचारले. बांधलेली असतील असे मी सांगितले आहे. उद्या दवाखान्यात जाऊन रेबीजच्या लसीची तारीख कार्डावर तपासून घ्यायची, गोचिडांची गोळी आणायची, आणि राणीच्या छातीपट्ट्याचे माप गोधडी अंगावर असताना घ्यायचे आहे, नाही तर टेकडीवर पहाटे तो बसायचा नाही.