फास्ट म्हणजे पक्का

आमचे इंग्रजीचे सर शब्दकोश उघडायच्या आधी शब्द गावात शोधायला लावत. ‘फास्ट’ त्यांनी आम्हाला चादरीच्या लेबलावर दाखवला. सोलापूरच्या पूर्व भागातल्या आम्हा पोरांच्या घरात तेलुगू, वर्गात मराठी आणि चादरीवर छापलेलं ‘फास्ट कलर’. फास्ट म्हटलं की आम्हाला आठवायचा बॉलर. मग रंग कसला पळतो?

सर म्हणाले, पळत नाही म्हणूनच तो फास्ट. या शब्दाचा मूळ अर्थ घट्ट, न हलणारा. घट्ट धरणं, त्यातून जोर लावणं, जोर लावून धावणं आणि शेवटी वेगानं धावणं, असा अर्थ सरकत गेला. म्हणून न निघणाऱ्या रंगालाही फास्ट आणि सुसाट गाडीलाही फास्ट! गाढ झोप, जिवलग दोस्ती, पुढे गेलेलं घड्याळ, सगळ्यांना तोच शब्द. उपवासाचा फास्टही त्याच मुळातला, नेमाला घट्ट राहणं. आपणही उपवास धरतोच की. तो सकाळी मोडायचा, म्हणून ब्रेकफास्ट. एकादशी करणाऱ्या मुली त्या दिवशी फार खूश झाल्या होत्या.

माझ्या डोक्यात मात्र रंगच राहिला. वडील रंगखान्यात कामाला होते. व्हॅटचा रंग, म्हणजे हौदात सुतावर चढवायचा एका जातीचा रंग, पाण्यात विरघळत नाही. कॉस्टिक सोडा आणि हायड्रो ही रसायनं घालून तो विरघळवायचा, मग सुताच्या लडी त्यात बुडवायच्या. तेव्हा सूत भलत्याच रंगाचं दिसतं. निळीचं सूत तर हौदातून पिवळट हिरवं निघतं आणि हवा लागली की बघता बघता निळं होतं. रंग धाग्याच्या आतच पुन्हा न विरघळणारा होऊन बसतो, म्हणून धुण्यात जात नाही. वडील याला ‘पक्का’ म्हणत. ते रोज काय करतात, हे मला सरांच्या त्या तासामुळे समजलं.

पुढे टेक्स्टाइल केमिस्ट्रीला गेलो. पक्केपणाला तिथे गुण देतात, धुलाईला १ ते ५, उन्हाला १ ते ८. त्या विषयाची मला कधीच भीती वाटली नाही. शब्दार्थांच्या याद्या पाठ करून इंग्रजी येत नाही, हे माझं तेव्हापासूनचं ठाम मत.

शाळेतल्या आजच्या इंग्रजी शिक्षकांना एक विनंती आहे. हा शब्द शिकवाल तेव्हा मुलांना रंगखान्यात आणा. हौदापाशी उभं राहून सगळं समजावून सांगायला मी येईन.