रोमन नाणी बघायची तर गाईड नको, थेट तळघर गाठा

रोमला नाण्यांसाठी जाणार असाल तर ‘नाण्यांची खास टूर’ अजिबात घेऊ नका. आमच्याकडून माणशी ६० युरो घेतले, भर उन्हात फोरममध्ये, म्हणजे प्राचीन रोमच्या मुख्य चौकात, फिरवलं आणि दाखवले काय, तर लॅमिनेट केलेले फोटो! तेही चुकीचे वाचून. ‘एस सी’ ही टांकसाळीची खूण, असं गाईडने ठासून सांगितलं. ती अक्षरं म्हणजे ‘सेनातुस कोन्सुल्तो’, सिनेटच्या ठरावाने. पितळ-तांब्याच्या नाण्यांवर ती सर्रास असतात, सोन्या-चांदीच्या नाण्यांवर सहसा नाहीत. एवढंही माहीत नसताना पैसे कसले घेता?

खरी नाणी पालाझ्झो मास्सिमो या संग्रहालयाच्या तळघरात आहेत. तेर्मिनी स्टेशनापासून चालत काही मिनिटं, सोमवारी बंद. तिथे इटलीच्या तिसऱ्या व्हित्तोरियो इमानुएले राजाचा प्रचंड संग्रह आहे, पण तो मुख्यतः मध्ययुगीन आणि नंतरच्या इटलीचा. रोमन नाण्यांसाठी आला असाल तर त्या संग्रहापाशी थांबू नका.

सम्राट ट्राजनच्या सेस्टर्शियस या पितळी नाण्यासमोर मात्र ठिय्या द्या. मागच्या बाजूला उधळलेला घोडा, त्यावर भाला रोखलेला सम्राट आणि टापांखाली डाकियन (आजच्या रोमानियातला) शत्रू. भोवती ‘एसपीक्यूआर ऑप्टिमो प्रिन्सिपी’: सिनेट आणि रोमन जनतेकडून सर्वोत्तम सम्राटाला. मग पुढची बाजू वाचा. ‘डॅक’ म्हणजे डाकियाचा विजेता. ‘सीओएस’पुढे व्ही, म्हणजे पाचव्यांदा कॉन्सुल, रोममधलं एक मानाचं सर्वोच्च पद. ते पद त्याला पाचव्यांदा इ. स. १०३ मध्ये मिळालं, सहाव्यांदा ११२ मध्ये. म्हणजे नाणं १०३ ते १११ मधलं. तारीख छापलेली नाही, तरी आपली आपण काढता येते! हे जमलं तेव्हा मी अक्षरशः नाचायचा बाकी होतो.

तिसऱ्या शतकाच्या कपाटांपाशी दमछाक होते. सम्राट गॅलिएनसची नाणी बारकी, काळपट, चांदी नावापुरती, अर्धी अक्षरं काठाबाहेर गेलेली. पण त्यांवर हरणं आहेत, सेंटॉर (अर्धा माणूस, अर्धा घोडा) आहेत. सम्राटाला सांभाळ म्हणून एकेका देवाला केलेलं आवाहन आहे. मान अवघडल्यावर हे दिसत नाही, म्हणून सकाळी आधी इथे या, ट्राजन नंतर. वरचे मजले सुंदर आहेत, ते कधीही होतील.

बाहेर फोरमजवळ ‘ओरिजिनल’ म्हणून नाणी विकतात. काठावरून नख फिरवा. ओतकामाची शिवण लागली, म्हणजे साच्यात ओतलेली नक्कल निघाली, की सरळ पुढे चला.