उतारावर निसटणारा लो गिअर

आज दिवसभर एका जुन्या फोर बाय फोर ट्रकच्या ट्रान्सफर केसवर, म्हणजे मुख्य गिअरबॉक्समधून येणारी ताकद पुढच्या-मागच्या चाकांकडे वाटणाऱ्या पेटीवर, काम केले. घाट उतरताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, की लो गिअरचा लिव्हर आपोआप न्यूट्रलला येतो, अशी चालकाची तक्रार होती. अशी तक्रार मी कधीच हलक्यात घेत नाही, कारण ट्रान्सफर केस न्यूट्रलला आली, की मुख्य गिअरबॉक्स गिअरमध्ये असूनही इंजिनाचा रोध चाकांपर्यंत पोहोचत नाही आणि सगळा भार एकट्या ब्रेकवर येतो.

अनेक जण थेट केस खोलायला घेतात. मला ते पटत नाही. लिव्हर पूर्ण सरकला नाही तर स्लीव्ह (सरकून गिअर जोडणारी दातेरी कडी) अर्धवटच अडकते, म्हणून आधी लिंकेज (लिव्हरला केसशी जोडणारे दांडे) आणि माउंटिंग तपासले. दोन्ही ठीक निघाले. मग ऑइल काढले, तेव्हा ड्रेन प्लगच्या चुंबकावर राखाडी चुरा आणि त्यात तांदळाच्या कणीएवढा पोलादाचा कपचा सापडला. केस खोलल्यावर दिसले, की स्लीव्हच्या दातांच्या कडा गोलावल्या आहेत, स्लीव्ह सरकवणारा फोर्क झिजून पातळ झाला आहे आणि शिफ्ट रॉडच्या खाचेत बॉल दाबून धरणारी स्प्रिंग दबून कमजोर झाली आहे. पाय काढताच दातांवरचा जोर उलटतो आणि असे गोलावलेले दात स्लीव्हला बाहेर ढकलतात.

नुसती स्प्रिंग बदलून काही दिवस भागले असते, पण घाटात रोज जाणाऱ्या गाडीला तसे सोडणे मनाला पटेना. स्लीव्ह, तिचा जोडीचा गिअर, फोर्क आणि स्प्रिंग नवीन बसवून शाफ्टचा प्ले (मोकळी हालचाल) शिमने, म्हणजे पातळ चकतीने, जुळवला. संध्याकाळी चालकाला शेजारी बसवून उतारावर तीनदा पाय काढून पाहिला. लिव्हर जागचा हलला नाही.