समेच्या पुढे दीड मात्रा

आज चेन्नईतल्या मायलापूरच्या सभेत (संगीत संस्थेत) सकाळची कच्चेरी, म्हणजे कर्नाटक संगीताची मैफल, ऐकली. मार्गळीत (डिसेंबर-जानेवारीतला तमिळ महिना) चेन्नईत असावं ते यासाठीच. शेजारच्या आजी मांडीवर आदि तालम् मोजत होत्या: थाप, करंगळीपासून तीन बोटं, मग दोनदा थाप आणि उलटा हात. 4+2+2, झाल्या आठ मात्रा.

माझे कान हिंदुस्तानीचे, तिहाई (तीनदा वाजणारा तुकडा) म्हटलं की समेची, तालाच्या पहिल्या मात्रेची, वाट बघणारे. इथे कृतीचे (गीतरचनेचे) शब्द समेवर सुरूच होत नव्हते. दीड मात्रा गेल्यावर पल्लवी, म्हणजे कृतीची सुरुवातीची ओळ, उठत होती. या जागेला एडुप्पु म्हणतात. कर्नाटक संगीतातले थोर रचनाकार त्यागराज यांच्या कितीतरी कृती अशाच दीड मात्रेनंतर उठतात.

खरी गंमत तनि आवर्तनाच्या, म्हणजे तालवाद्यांच्या एकल वादनाच्या, शेवटी. मृदंगम् आणि घटम् (मातीचा घडा) कोरवै, म्हणजे समारोपाचा तुकडा, तीनदा वाजवतात, पण हिशोब समेपर्यंतचा नसतो, एडुप्पुपर्यंतचा असतो. सम येऊन गेली, आजींची थाप पडली, वाजवणं चालूच! आणि दीड मात्रेवर कोरवै संपली त्याच क्षणी गायिकेनं पल्लवी उचलली. सगळी सभा 'आहा' म्हणाली, मीही. (नंतर कँटीनमध्ये कॉफी. तीही उत्तम.)

उद्या मिश्र चापू हा सात मात्रांचा ताल ऐकायला मिळाला तर मजा. 3+2+2, तिथे बोटं मोजत नाहीत, नुसत्या टाळ्या.