नाणी न जमवणाऱ्यांसाठी जगाची नाणी: सांगलीतील माझा अनुभव

परदेशी नाणी जमवण्यास मी सुमारे तीस वर्षांपूर्वी सुरुवात केली. आज माझ्या संग्रहात नव्वदहून अधिक देशांची नाणी आहेत. परंतु ती इतरांना कशी दाखवावीत हे मला पहिल्या प्रदर्शनाच्या अपयशानंतरच कळले. ते प्रदर्शन मी सांगलीत विश्रामबाग भागातील एका छोट्या सभागृहात गणेशोत्सवाच्या दिवसांत मांडले होते. जवळजवळ सहाशे नाणी अफगाणिस्तानपासून होंडुरासपर्यंत वर्णानुक्रमे लावली होती आणि प्रत्येकाखाली देश, मूल्य, वर्ष व धातू लिहिला होता. लोक आले, काचेवरून नजर फिरवली, "याची आता किती किंमत येईल?" असे विचारले आणि बाप्पांच्या दर्शनाला निघून गेले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एका वृद्ध बाईंनी मला विचारले, "यात भोकाचा पैसा नाही का हो?" तो माझ्याकडे होता, परंतु प्रदर्शन परदेशी नाण्यांचे असल्यामुळे घरीच ठेवला होता. 1943 ते 1947 या काळात ब्रिटिश हिंदुस्थानात पाडलेला हा कांस्याचा पैसा मधोमध पोकळ होता, कारण महायुद्धाच्या टंचाईत धातू वाचवायचा होता. असे पैसे दोऱ्यात ओवून त्यांची आई खुंटीला अडकवून ठेवत असे, हे त्या बाई बराच वेळ सांगत राहिल्या. त्या सांगत असताना माझ्या समोरच्याच पेटीत डेन्मार्कचे 25 ओर, नॉर्वेचा 1 क्रोन आणि जपानचे 5 येन ही तिन्ही भोकाची नाणी तीन वेगवेगळ्या ओळींत पडून होती आणि ती एकमेकांची नातेवाईक आहेत हे कोणालाही दिसत नव्हते.

पुढच्या वर्षी मी देशांची मांडणी पूर्णपणे मोडली. सहाशेऐवजी बासष्ट नाणीच निवडली. ही निवड सर्वांत अवघड गेली, कारण संग्राहकाला प्रिय असलेली दुर्मीळ नाणी पाहणाऱ्याला बहुधा काहीच सांगत नाहीत. प्रत्येक गटाच्या सुरुवातीला सांगलीकराच्या ओळखीचे एक नाणे ठेवायचे आणि तिथून जगात जायचे, असा नियम मी स्वतःला घालून घेतला. भोकाच्या पैशाचा गट अर्थातच पहिला होता. त्यातील 5 येनच्या नाण्यावर किमतीचा आकडा ओळखीच्या अंकांत नसून फक्त जपानी लिपीत असतो, आणि भाताची लोंबी, दातेरी चाक व पाण्याच्या रेषा अशी नक्षी असते. चिठ्ठीवर मी नाण्याचे नाव न लिहिता "या नाण्यावर शेती, कारखाना आणि पाणी कुठे आहे ते शोधा" एवढेच लिहिले. उत्तर शोधण्यासाठी लोक काचेवर वाकू लागले.

दुसरा गट रुपयाचा होता. नेपाळ, श्रीलंका, पाकिस्तान येथील रुपये लोकांना माहीत असतात, परंतु मॉरिशस आणि सेशेल्स येथेही रुपयाच चालतो व इंडोनेशियाचे रुपिया हे नावही त्याच मुळाचे आहे, हे बहुतेकांना नवे होते. या गटातील सर्वांत बोलके नाणे जर्मन पूर्व आफ्रिकेचे, म्हणजे आजच्या टांझानियाच्या भागातील, ठरले. तिथे जर्मनांनी आपले मार्क नव्हे तर रुपीच चालवली आणि सुरुवातीला एका रुपीचे 64 पेसा धरले, अगदी आपल्या रुपयाचे 64 पैसे होते तसे. दशमान पद्धती आपल्याकडे 1 एप्रिल 1957 पासून आली, त्यामुळे 64 पैशांचा हिशोब करणारी माणसे आजही आपल्यात आहेत, आणि या चिठ्ठीपाशी थांबून आणे, चवली, पावली आपल्या नातवंडांना समजावून सांगण्याचे काम त्यांनीच माझ्यासाठी केले. 1960 च्या दशकापर्यंत आखातातील अनेक देशांत आपलाच रुपया चालत असे, हे वाचून दुबईत मुलगा असलेल्या एका काकांनी माझ्याकडून चिठ्ठीचा फोटो मागून घेतला.

शेतकरी कुटुंबांसाठी आयर्लंडचा गट ठेवला होता. कवी विल्यम बटलर येट्स यांच्या अध्यक्षतेखालील समितीने निवडलेल्या आणि 1928 मध्ये आलेल्या त्या नाण्यांवर राजा किंवा नेता नाही. डुकरीण आणि तिची पिल्ले, कोंबडी आणि तिची पिल्ले, बैल, घोडा, ससा, सामन मासा अशी नक्षी आहे. बैलाच्या वशिंडाविषयी आमच्याकडे लगेच चर्चा सुरू झाली, कारण युरोपातील बैलाला वशिंड नसते. ज्या घरात जनावरांची पैदास माहीत आहे, त्या घरातील माणसे नाणे किती बारकाईने पाहतात, हे मला त्या चर्चेत कळले.

ऑस्ट्रियाची सम्राज्ञी मारिया थेरेसा हिचा चांदीचा थेलर मात्र स्वतंत्र ठेवला. त्यावरील 1780 हे साल तिच्या मृत्यूचे असून त्यानंतरही शतकानुशतके हे नाणे त्याच सालाने पाडले गेले, कारण इथिओपिया आणि अरबस्तानातील व्यापाऱ्यांचा त्या सालावरच विश्वास होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते आपल्या मुंबईच्या टांकसाळीतही पाडले गेले. चिठ्ठीच्या शेवटी मी विचारले होते, "मग हे नाणे किती जुने?"

पाहण्याइतकेच हाताळणेही हवे असते, म्हणून एका परातीत किरकोळ किमतीची चाळीसेक नाणी कोणीही उचलावीत अशी ठेवली आणि शेजारी दोऱ्याला बांधलेला लोहचुंबक ठेवला. 1947 चा निकेलचा रुपया आणि अमेरिकेचा 1943 चा जस्त चढवलेला पोलादी सेंट त्याला चिकटतो, जुना कांस्याचा पैसा चिकटत नाही. तांबे युद्धाला हवे असल्यामुळे सेंट पोलादाचा झाला, हे मग निराळे समजावून सांगावे लागत नाही. जपानचा 1 येन ॲल्युमिनियमचा असून त्याचे वजन बरोबर 1 ग्रॅम असते, म्हणून सराफ कट्ट्यावरील एका ओळखीच्या दुकानदारांकडून छोटा काटा आणला होता. तोच येन वाटीभर पाण्यावर अलगद आडवा ठेवला की तरंगतो, आणि या वाटीपाशी मुलांची रांग लागली.

जतनाच्या बाबतीत पहिल्या वेळी चूक झाली होती. मऊ प्लास्टिकच्या पाकिटांत ठेवलेल्या तांब्याच्या काही नाण्यांवर हिरवट चिकट थर आला होता, कारण त्या प्लास्टिकमधील द्रव्ये हळूहळू बाहेर येतात. या वेळी सर्व नाणी सुती कापडावर ठेवली, फक्त कडेने धरली आणि दिवा डोक्यावरून न टाकता बाजूने टाकला, त्यामुळे नक्षी उठून दिसली. कोणी "चिंचेने घासून चकचकीत का करत नाही?" असे विचारले, तर घासलेल्या नाण्याचा मूळ पृष्ठभाग कायमचा जातो, हे मी शांतपणे समजावत असे.

किमतीचा प्रश्न मात्र मी टाळला नाही. प्रवेशाजवळच लिहिले की यातील बहुतेक नाणी साधी आणि स्वस्त आहेत. मोबाइलवर फिरणाऱ्या, जुने नाणे लाखांत विकण्याच्या निरोपांविषयी रिझर्व्ह बँकेने 2021 मध्ये लोकांना सावध केले होते, तेही तिथेच लिहिले. त्यानंतर हा प्रश्न विचारणारे कमी झाले.

शेवटच्या दिवशी परातीपाशी बसलेल्या सातवीतील एका मुलाने अमेरिकेचा सेंट आणि आपला रुपया वहीचे पान उलटावे तसे आलटून-पालटून पाहिले आणि मला म्हणाला, "आजी, हा सेंट उलटल्यावर डोक्यावर उभा राहतो, आपला रुपया सरळच राहतो." मी इतकी वर्षे नाणी हाताळत आहे, तरी हा फरक चिठ्ठीवर घालावा असे मला सुचले नव्हते. त्याच्यासमोरच मी वहीत पुढच्या गटाचे पहिले नाणे म्हणून तो रुपया नोंदवला.