दाण्याच्या कुटाशिवाय

लेक चार वर्षांची होईपर्यंत पोह्यातले दाणे ताटाच्या कडेला काढून ठेवायची. "टोचतंय" म्हणायची. मी तिला रागवायचे. दोनदा अंगावर गांधी उठल्या, तेव्हा पित्त म्हणून सासूबाईंनी आमसुलाचं पाणी लावलं. मागच्या आषाढीला मात्र साबुदाण्याच्या खिचडीचे चार घास पोटात गेले आणि दहा मिनिटांत तिचा वरचा ओठ टम्म सुजला.

ॲलर्जीच्या टेस्टच्या आधी आठवडाभर खाजेचं औषध बंद ठेवायला सांगितलं होतं. हातावर थेंब ठेवून सुई टेकवली आणि पंधरा मिनिटं बसवून ठेवलं. शेंगदाण्याच्या जागी डासाने चावल्यासारखा फुगवटा आला. तिळाच्या जागी काही नाही. डॉक्टर म्हणाले, भाजून, तळून हा धोका जात नाही. श्वास लागला, आवाज बसला तर गोळीच्या भरवशावर घरी थांबायचं नाही, थेट हॉस्पिटल गाठायचं.

मराठी स्वयंपाकघरातून कूट काढायचं म्हणजे काय, ते त्या आठवड्यात कळलं. काकडीची कोशिंबीर, भरली वांगी, उपासाची आमटी, सगळीकडे तेच. मिक्सरच्या पात्याखालचा राप घासून निघेना, शेवटी भांडं नवीन आणलं. इंदुरात राहून सुटी शेव बंद करणं त्याहून अवघड. पाकिटावर शेंगदाण्याची सूचना छापावी लागते, पण दुकानातल्या कढईत आधी काय तळलं ते कोण सांगणार? "भैया, इसी तेल में मूंगफली तली है क्या?" असं विचारलं की निम्मे लोक हसतात. आता शेव घरीच पाडते.

खरा पेच सासूबाईंचा होता. हिवाळ्यातल्या आजारपणानंतर त्यांची भूक गेली ती गेलीच. अर्धी भाकरी जायची तीही लसणाच्या दाण्याच्या चटणीशी. नवऱ्याचं म्हणणं, घरात दाणा नकोच. मला पटेना. म्हाताऱ्या माणसाच्या तोंडची एकच चव कशी काढून घ्यायची? त्यांची बरणी वरच्या फळीवर ठेवली, चमचा वेगळा केला. पण एकदा जेवता जेवता त्यांनी नुसत्या पाण्याने हात धुऊन नातीला वरणभात भरवला. नुसत्या पाण्याने दाण्याचा अंश जात नाही, साबणच लागतो. तिच्या हनुवटीवर लाल चट्टे आले. ते ओसरले, पण सासूबाईंनी त्या दिवसापासून बरणीला हात लावला नाही. अर्ध्या भाकरीची पाव भाकरी झाली.

महिनाभर मी काय काय करून पाहिलं. जवस त्यांना बुळबुळीत लागायचं, खोबरं गोडसर. शेवटी कारळं मंद आचेवर भाजलं, लसूण आणि लाल तिखट घालून खलबत्त्यात जाडसर कुटलं. वर कच्चं तेल. पहिल्या घासाला त्या काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "अगं, आमच्या आईकडे हीच असायची."

परवा पाऊण भाकरी संपली. लेकीची टेस्ट पुन्हा पुढच्या वर्षी आहे. इथल्या सराफा बाजारातली खिचडी कधी खायला मिळेल, असं ती विचारते. मी तिला खोटं आश्वासन देत नाही. एकादशीला तिळाचं कूट घालून घरीच करते.